दोन तासांत निम्मं होणारं औषध तपासतात तरी कधी?

सायली_ठाणे

गेल्या मंगळवारी बाबांचा पेट स्कॅन (किरणोत्सारी औषध शिरेत टोचून करतात तो) होता. वय ७१, मधुमेह, त्यात सहा तासांचा उपास. आठची वेळ दिलेली, साडेनऊ वाजले तरी आत बोलावेनात. बाबा पार गळून गेले तेव्हा मी काउंटरवर जाऊन आवाज चढवला. तिथला मुलगा शांतपणे म्हणाला, "मॅडम, औषध खाली तयार झालंय. पण एंडोटॉक्सिनचा रिपोर्ट वर आल्याशिवाय टोचता येत नाही. तसंच दिलं आणि काकांना थंडी वाजून ताप भरला तर?" पावणेदहाला बोलावलं, स्कॅन झाला, बाबा व्यवस्थित आहेत.

पण तेव्हापासून डोक्यात तेच घोळतंय. डॉक्टर म्हणाले की हे औषध (एफडीजी) दर ११० मिनिटांनी निम्मं होतं. म्हणजे पहाटे केलेलं दुपारी उरतच नाही. घरी येऊन वाचलं तर निर्जंतुकतेची चाचणी १४ दिवस चालते म्हणे! मग ज्या औषधाचं आयुष्य एका दिवसाचंही नाही, ते कोण, कधी आणि कसं तपासतं? आणि ताप आणणारी ती वस्तू नेमकी काय असते? इथे कुणी या कामात असेल तर कृपया सांगा. मला खरंच समजून घ्यायचंय.

माधव_वाई

आईच्या वेळी आम्हीही असेच ताटकळलो होतो. आम्हाला कुणी कारणसुद्धा सांगितलं नाही. वाचतोय.

सरळ_प्रश्न

म्हणजे १४ दिवसांचा रिपोर्ट हातात नसताना माणसाच्या शिरेत औषध सोडतात. हे मला तरी पटत नाही. दुसरं म्हणजे, औषध जर किरणोत्सारी आहे तर त्यात जंतू जगतीलच कसे? आपोआप मरायला हवेत. मग ही ताप आणणारी भानगड कुठून येते?

रात्रपाळी

सायलीताई, मी बारा वर्षं हेच काम करते आहे. सायक्लोट्रॉनच्या (किरणोत्सारी द्रव्य बनवणाऱ्या यंत्राच्या) शेजारी क्यूसीची, म्हणजे गुणवत्ता तपासणीची, छोटी खोली असते, तिथे. बाबांना उपाशी थांबावं लागलं याचं वाईट वाटलं, पण काउंटरवरच्या त्या मुलाने योग्य तेच केलं. त्याचं कौतुक करावंसं वाटतं.

यात दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक म्हणजे जिवंत जंतू, आणि दुसरी म्हणजे मेलेल्या जंतूंनी मागे ठेवलेलं विष. ग्राम-निगेटिव्ह जातीच्या जंतूंच्या बाहेरच्या आवरणात लिपोपॉलिसॅकराइड नावाचा पदार्थ असतो, तेच एंडोटॉक्सिन. जंतू मेला, फुटला की हे तुकडे पाण्यात सुटतात. ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमध्ये जंतू अडकतो, हे तुकडे मात्र आरपार जातात. ऑटोक्लेव्हच्या (दाबाखालच्या वाफेच्या) १२१ अंशांत जंतू मरतो, पण तुकड्यांना फारसं काही होत नाही. त्यांना संपवायचं तर कोरड्या भट्टीत २५० अंशांवर निदान अर्धा तास ठेवावं लागतं. काचेच्या कुप्या तशा भाजता येतात. पण पाणी, नळ्या, रसायनं कशी भाजणार? ती मुळातच स्वच्छ घ्यावी लागतात. इंजेक्शनच्या पाण्यासाठी मर्यादा आहे मिलिलिटरला ०.२५ ईयू, म्हणजे एंडोटॉक्सिन युनिट.

सरळ_प्रश्न, तुमची शंका रास्त आहे, मलाही पहिल्या वर्षी तीच होती. गॅमा किरणांनी निर्जंतुक करायला साधारण २५ किलोग्रे (ग्रे हे किरणांच्या डोसचं माप) इतका डोस लागतो. तुर्भ्याला (ट्रॉम्बे) आयसोमेड प्रकल्पात १९७४ पासून शस्त्रक्रियेचं सामान असंच निर्जंतुक होतं. एफडीजीच्या कुपीत तेवढा डोस साठतच नाही. आणि समजा जंतू मेले, तरी विष शिल्लक राहतंच.

आता १४ दिवसांबद्दल. दोन वेगवेगळ्या माध्यमांत नमुना टाकून १४ दिवस वाढ होते का ते बघतात. तोवर औषध थांबू शकत नाही, हे जगात सगळीकडे मान्य आहे. म्हणून टोचण्याआधी फिल्टरची परीक्षा होते. औषध गाळून झालं की त्याच ओल्या फिल्टरमागून वायूचा दाब वाढवत नेतात. ठरलेल्या दाबाच्या आत बुडबुडे आले तर फिल्टर फाटलेला आहे, बॅच बाद. त्याशिवाय रंग, पीएच, शुद्धता, अर्धायुष्य, आणि एंडोटॉक्सिन. एंडोटॉक्सिनचं उत्तर टोचण्याआधी हातात येऊ शकतं, म्हणूनच त्यासाठी थांबतात.

जोशीकाका_निवृत्त

सायली, मी १९८०च्या दशकात ठाण्याजवळ सलाईन बनवणाऱ्या कारखान्यात पायरोजेन, म्हणजे ताप आणणारे पदार्थ, तपासायच्या विभागात होतो. त्या वेळी आमचं यंत्र म्हणजे ससा.

तीन ससे घ्यायचे, लाकडी खोड्यात बसवायचे, फक्त डोकं आणि कान बाहेर. कानाच्या कडेची शीर पकडून औषध द्यायचं आणि गुदद्वारातून दर अर्ध्या तासाने तीन तास तापमान मोजायचं. कुणाचं अर्ध्या अंशाने वाढलं की आणखी पाच ससे. ससा फार भित्रा प्राणी. दार आपटलं, नवा माणूस आला तरी त्याचं अंग गरम होतं. दिवाळीच्या आठवड्यात आम्ही चाचणी लावतच नसू, फटाक्यांनी सगळेच ससे 'नापास' व्हायचे. खोलीत आम्ही कुजबुजत बोलायचो आणि ती सवय इतकी लागली की घरी बायको म्हणायची, जरा मोठ्याने बोला.

जुनी माणसं सलाईन लावल्यावर हुडहुडी भरते म्हणायची ना, ते बहुतेकदा हेच. १९२३ साली फ्लॉरेन्स सायबर्ट या अमेरिकन बाईंनी दाखवून दिलं की ऊर्ध्वपातित पाणी टोचल्यावर येणारा ताप पाण्यातल्या जंतूंच्या अंशामुळे येतो. पाणी उकळलं तरी अंश राहतोच. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसं. १९४२ मध्ये सशाची चाचणी अमेरिकेच्या औषधकोशात आली.

पण किरणोत्सारी औषध सशाला देणार कसं? तीन तासांत औषध तिसऱ्या हिश्शावर येणार, ससाच किरणोत्सारी होणार, त्याला वेगळा ठेवा, त्याची विष्ठा वेगळी ठेवा. आमच्या साहेबांचे एक मित्र अणुशक्तीनगरला होते, ते हे ऐकवायचे तेव्हा आम्हाला आमचं काम सोपं वाटायचं.

पल्लवी_७

काका, ससे नापास 😄 मुलाला वाचून दाखवलं. तो विचारतोय, नापास सशाचं पुढे काय करायचे?

जोशीकाका_निवृत्त

पल्लवी, त्याला सांग, औषध स्वच्छ निघालं तर त्याच सशांना विश्रांती देऊन पुन्हा वापरायचे. ज्यांना ताप आला त्यांना जास्त दिवस सुट्टी. आम्ही त्यांना कोथिंबिरीच्या काड्या द्यायचो, आवडीने खायचे.

बॉस्टनची_मंजिरी

सशाची जागा कुणी घेतली ते सांगते, कारण तो प्राणी मी डोळ्यांनी पाहिलाय. इथून केप कॉडला गेलं की मे-जूनमध्ये भरतीच्या रात्री किनाऱ्यावर हॉर्सशू क्रॅब येतात. घोड्याच्या नालेसारखी पाठ, मागे टोकदार शेपूट. नावात खेकडा असला तरी नातं कोळी आणि विंचवाशी जवळचं. रक्त निळं, कारण त्यात लोहाऐवजी तांबं असतं.

इथल्याच वुड्स होलमध्ये फ्रेडरिक बँग नावाचे संशोधक या प्राण्यावर काम करत होते. काही जंतू आत गेले की त्याचं रक्त साखळतं, हे त्यांनी १९५६ मध्ये लिहिलं. पुढे जॅक लेव्हिन यांच्याबरोबर त्यांना कळलं की हे साखळणं रक्तपेशींमधल्या द्रव्यामुळे होतं आणि एंडोटॉक्सिनचा अंशही त्याला पुरतो. या पेशी फोडून केलेलं द्रव्य म्हणजे लायसेट, आणि चाचणी एलएएल.

सायली, तुझ्या धाग्यासाठी खरी गोष्ट पुढे आहे. हे रक्त औषध तपासायला वापरता येईल हे सुरुवातीला दाखवलं गेलं ते किरणोत्सारी औषधांवरच! जॉन्स हॉपकिन्समध्ये जेम्स कूपर यांनी लेव्हिन आणि न्यूक्लिअर मेडिसिनचे हेन्री वॅग्नर यांच्यासह १९७०च्या सुमारास कमी आयुष्याच्या औषधांसाठी ही झटपट चाचणी मांडली. अडचण तुझ्या बाबांचीच होती: औषध थांबत नाही आणि ससा वेळ खातो. त्या अडचणीतून निघालेली वाट पुढे साऱ्या इंजेक्शनांना मिळाली. आज आपल्याला टोचल्या जाणाऱ्या लशींच्या मागेही ही चाचणी असते.

सरळ_प्रश्न

मंजिरीताई, ही माहिती नव्हती. आभार. रात्रपाळी, किरणांबद्दल पटलं. पण १४ दिवसांचा मुद्दा मी सोडलेला नाही. फिल्टर तपासला म्हणजे औषध तपासलं असं होत नाही.

टेक्निशियन_विदर्भ

सरळ_प्रश्न यांच्याशी मी अर्धा सहमत आहे, आणि अर्ध्यासाठी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगतो.

आमच्याकडे रोजचं काम टेक्नेशियम या किरणोत्सारी द्रव्याचं. मोलिब्डेनमचा जनरेटर येतो (त्याचं अर्धायुष्य ६६ तास), त्यातून रोज सकाळी सलाईनने टेक्नेशियम काढायचं, ते सहा तासांत निम्मं होतं. हाडांच्या स्कॅनचं, किडनीचं, हृदयाचं थंड (किरणोत्सारी नसलेलं) किट असतं, त्यात हे मिसळलं की औषध तयार. किटचं एंडोटॉक्सिन बनवणारा तपासतो आणि ते किट थंड असल्याने त्याला वेळ मिळतो. पण मिसळायचं काम आमच्या हातात. प्रत्येक कुपीची चाचणी रुग्णालयात होत नाही. तिथे हातच स्वच्छ लागतो.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका ठिकाणी नोकरीला होतो. नाव घेत नाही. तिथे सलाईनची मोठी बाटली उघडली की संपेपर्यंत वापरायची पद्धत होती. दोन रुपये वाचवायचे. एका सोमवारी हाडांच्या स्कॅनचं इंजेक्शन दिलेल्या दोन बायकांना तासाभरात थंडी भरली. दात वाजत होते, चार ब्लँकेटं घातली तरी थांबेना. संध्याकाळपर्यंत ताप उतरला, दोघी सुखरूप घरी गेल्या. बाटली शनिवारची होती. तेव्हापासून मी उरलेली सलाईन कितीही असो, त्याच वेळी ओतून देतो. नवीन मुलं म्हणतात, सर, अर्धी तर आहे. त्यांना मी त्या बायकांबद्दल सांगतो.

म्हणून माझं म्हणणं, फिल्टर, भट्टी, पाणी, हात हे सगळं मिळूनच औषध स्वच्छ होतं. शेवटची चाचणी त्यावर फक्त शिक्का मारते. १४ दिवसांच्या चाचणीतून तुम्हाला कळतं ते त्या प्रयोगशाळेची पद्धत दिवसेंदिवस नीट आहे का हे. तीही तितकीच हवी.

माधव_वाई

+१. 'उरलेली ओतून देतो' हे वाक्य प्रत्येक वॉर्डात लावायला हवं.

रात्रपाळी

टेक्निशियन दादा, तुम्ही जे केलंत त्याला सलाम.

एक रात्र जशीच्या तशी सांगते, म्हणजे सायलीताईंना ते पावणेदोन तास कुठे जातात ते कळेल. अडीचला किरणोत्सारी फ्लोरिन सायक्लोट्रॉनमधून येतं, बंद हॉट सेलमध्ये (किरण अडवणाऱ्या कप्प्यात) औषध तयार होतं. साडेतीनच्या सुमारास शिशाच्या डबीत माझ्याकडे नमुना येतो, अर्धा-एक मिली. मी शिशाच्या आडून, चिमट्याने कुपी धरते, थोडंसं काढते आणि आधी पातळ करते. पातळ केल्याने माझ्या बोटांनाही कमी किरण मिळतात.

किती पातळ करायचं याला हिशोब आहे. शिरेतून द्यायच्या किरणोत्सारी औषधाची मर्यादा १७५ भागिले व्ही. व्ही म्हणजे एका माणसाला जास्तीत जास्त किती मिली देणार. ७० किलोच्या माणसाला किलोमागे २.५ ईयू धरून १७५ येतात. इतर इंजेक्शनांना ताशी किलोमागे ५ चालतात, इथे निम्मेच. व्ही १० असेल तर मिलीला १७.५. माझं लायसेट ०.१२५ ईयू ओळखतं, म्हणजे मी १४० पटीपर्यंत पातळ करू शकते. त्यापलीकडे गेलं तर दोष असूनही दिसणार नाही. १७५ ईयू वजनात किती? दहा ईयू म्हणजे साधारण एक नॅनोग्रॅम. एका ग्रॅमचे शंभर कोटी भाग केले तर त्यातले सतरा-अठरा. एवढंसं.

मग कार्ट्रिज. बिस्किटाएवढी प्लास्टिकची पट्टी, चार वाटा, प्रत्येकीत २५ मायक्रोलिटर. दोन वाटांत नुसता नमुना जातो, आणि दोन वाटांत कंपनीने आधीच मोजून एंडोटॉक्सिन सुकवून ठेवलेलं असतं. म्हणजे आपण चाचणीला विचारतो, 'मी मुद्दाम घातलेलं विष तुला दिसलं का?' घातलेल्याच्या ५० ते २०० टक्क्यांत उत्तर आलं तरच चाचणी ग्राह्य. नमुना कितीही स्वच्छ दिसू दे, मुद्दाम घातलेलं दिसलं नाही तर ते उत्तर टाकून द्यायचं आणि पुन्हा सुरुवात. यंत्राला पंधरा मिनिटं लागतात. सायलीताई, तुमच्या दिवशी बहुधा असंच पुन्हा करावं लागलं असेल.

जुनी पद्धत जेलची. ३७ अंशांच्या ठोकळ्यात बारीक नळ्या तासभर ठेवायच्या, मग एकेक उचलून सावकाश १८० अंशात उलटी करायची. आतलं दह्यासारखं घट्ट राहिलं तर एंडोटॉक्सिन आहे, ओघळलं तर नाही. त्या तासात टेबलाला धक्का लागता कामा नये. एका जुन्या जागी कुणीतरी त्याच टेबलावर नळ्या हलवायचं यंत्र सुरू केलं, आणि ज्या नळीत जेल व्हायलाच हवं होतं तीही ओघळली. मोडलेलं जेल परत जमत नाही. ती चाचणी वाया, ती बॅच वाया, नऊ माणसं उपाशी घरी गेली. त्या नऊ जणांना मी फोन लावत होते, ते मला अजून आठवतं.

टेक्निशियन_विदर्भ

डीटीपीएचं (किडनीच्या स्कॅनचं किट) पण सांगा. आमच्या मुलांना ते कळत नाही.

रात्रपाळी

हो. लायसेटमधली साखळी चालायला कॅल्शियम, मॅग्नेशियमसारखे धातू लागतात. डीटीपीए ते पकडून बसतं. त्यामुळे विष असूनही जेल होत नाही, आणि आपल्याला वाटतं स्वच्छ आहे. म्हणून डीटीपीएच्या किटला पुरेसं पातळ करावंच लागतं. याच्या उलट कापूस, सेल्युलोजचे फिल्टर यांतून ग्लुकान येतं आणि नसलेलं विष असल्यासारखं दिसतं.

आणि डीटीपीएच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं, कारण किरणोत्सारी इंडियम लावून ते मणक्यातूनही देतात, मेंदूभोवतीचं पाणी कसं वाहतं ते बघायला. तिथे मर्यादा १७५ ऐवजी १४. शिरेत चालणारी मात्रा तिथे चालत नाही. पूर्वी अशा तपासणीनंतर काहींना जंतू न सापडणारा मेंदूज्वर व्हायचा. त्यामागे एंडोटॉक्सिन असल्याचं कूपर आणि हार्बर्ट यांनी १९७५ मध्ये दाखवलं. हे वाचल्यापासून मणक्याच्या औषधाचा नमुना आला की मी फोन बंद करून ठेवते.

सरळ_प्रश्न

ठीक. माझं मत बदललं असं नाही म्हणणार, पण माझा राग चुकीच्या जागी होता हे मान्य. आता माझी मागणी वेगळी आहे: १४ दिवसांनी रिपोर्ट आला की तो रुग्णाला कळवावा. साधा एक मेसेज.

पल्लवी_७

याला माझं पूर्ण अनुमोदन.

दोना_पावला

थोडं अवांतर. आपल्याकडेही हॉर्सशू क्रॅब आहेत, पण कोकण-गोव्यात नाहीत. ओडिशाच्या किनाऱ्यावर, बालासोरच्या बाजूला, आणि सुंदरबनात दोन जाती सापडतात. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने त्यांच्यावर वर्षानुवर्षं काम केलंय. २००९ पासून ते वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, त्यामुळे पकडणं गुन्हा. ओडिशाच्या किनाऱ्यावर मच्छीमारांच्या जाळ्यात अडकून मेलेले पाहिले की जीव हळहळतो.

माधव_वाई

भारतीय औषधकोशात हे सगळं कधीपासून आहे?

रात्रपाळी

एंडोटॉक्सिनची चाचणी आधीपासून आहे. किरणोत्सारी औषधांची स्वतंत्र पानं मात्र २०१४ च्या आवृत्तीत आली. त्याच्या कितीतरी आधीपासून परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर (१९६३) आणि वाशीची ब्रिट ही संस्था हे काम करत होत्या. देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉनही परळलाच, २००२ मध्ये.

सायली_ठाणे

सगळ्यांचे आभार. उत्तर द्यायला उशीर झाला, बाबांची केमो सुरू झाली.

काल पंधरावा दिवस होता. सरळ_प्रश्न यांचं वाचून मीच सेंटरला फोन केला आणि बाबांच्या तारखेच्या बॅचचं विचारलं. पलीकडच्या बाई क्षणभर गोंधळल्या, कुणी असं विचारत नाही म्हणाल्या. तासाभराने त्यांचाच फोन आला: दोन्ही माध्यमांत वाढ नाही. आणि त्या दिवशी उशीर कशाने झाला तेही सांगितलं. पहिल्या कार्ट्रिजमध्ये मुद्दाम घातलेलं विष नीट दिसलं नव्हतं, म्हणून नमुना नव्याने पातळ करून पुन्हा लावला. रात्रपाळीताई, तुम्ही म्हणालात तेच.

मी हा धागा बाबांना वाचून दाखवला. सशांचं त्यांनी दोनदा वाचायला लावलं. मग एकच विचारलं: त्या निळ्या रक्ताच्या प्राण्याला रक्त काढल्यावर परत समुद्रात सोडतात ना?

बॉस्टनची_मंजिरी

काकांना सांग, हो, सोडतात. साधारण तिसरा हिस्सा रक्त घेऊन परत समुद्रात नेतात. सगळे जगत नाहीत, काही दगावतात. म्हणून सिंगापूरच्या विद्यापीठात डिंग आणि हो या दोघांनी त्या रक्तातला मुख्य घटक, फॅक्टर सी, प्राण्याशिवाय प्रयोगशाळेत तयार केला. युरोपच्या औषधकोशात २०२१ पासून त्या पद्धतीला जागा मिळाली आहे. या जूनमध्ये पौर्णिमेला आम्ही किनाऱ्यावर जाणार आहोत. उलटे पडलेले दिसले तर कडेने धरून सरळ करायचे, शेपटीला धरून उचलायचं नाही. काकांसाठी फोटो पाठवते.